रोह्याचे रूळ आणि युरोपचा कोळसा

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर या गावांत घराघरांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. शाडू गुजरातेतून येतो, प्लास्टर राजस्थानातून येते आणि तयार मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. शेजाऱ्याशी देवघेव म्हणजे काय, हे जोह्याच्या कारागिराला कोणी शिकवायला नको. त्याच्या गावाजवळून जाणारी रेल्वे पुढे रोह्याला पोचते आणि तेथून कोकण रेल्वे सुरू होते.

ही कोकण रेल्वे शेजाऱ्यांच्या भागीदारीतून उभी राहिली. 1990 साली स्थापन झालेल्या या महामंडळात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, तर गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6 टक्के ठरला. एकट्या राज्याच्या आवाक्यात नसलेले काम चौघांनी मिळून केले आणि 1998 साली संपूर्ण मार्ग खुला झाला.

युरोपातही असेच घडले, पण ते रक्तपातानंतर. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीनदा एकमेकांशी लढले. तोफा पोलादाच्या आणि पोलाद कोळशावर. म्हणून 9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान यांनी प्रस्ताव मांडला की, दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकारिणीखाली आणावे. 1951 च्या पॅरिस करारावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी सह्या केल्या. 1957 चा रोम करार हे त्याचेच पुढचे पाऊल.

हे शेजारप्रेमाने झाले असे कोणी समजू नये. जर्मन कोळशाची फ्रान्सला गरज होती, जर्मनीला बरोबरीचे स्थान हवे होते आणि मार्शल योजनेचे पैसे देणाऱ्या अमेरिकेला एकत्र युरोप हवा होता. स्वार्थच होता, पण तो कायद्याने बांधला गेला.

त्या करारातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. अधिकारिणीच्या सल्लागार समितीत मालक, कामगार आणि ग्राहक-व्यापारी यांना सारख्या जागा होत्या. खाण बंद पडली तर कामगाराला पुन्हा उभे करण्यासाठी मदतीची तरतूद होती. तरीही किंमत गरिबानेच मोजली. 8 ऑगस्ट 1956 रोजी बेल्जियममधील मार्सिनेलच्या खाणीत 262 मजूर मेले. त्यांतले 136 इटलीतून पोटासाठी आलेले होते. कोळशाची सरहद्द मोडली, मजुराची दैना मात्र संपली नाही.

आणि हा विचार काय केवळ युरोपाचा? दामोदर नदी बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहते. तिच्या पुरावर एकट्या प्रांताला इलाज नव्हता. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी जानेवारी 1945 मध्ये कलकत्त्यात दोन्ही प्रांतांना एका बैठकीत बसवले. त्यातून 1948 साली केंद्र आणि दोन्ही प्रांत यांचे दामोदर खोरे महामंडळ झाले. शुमान यांच्या घोषणेच्या दोन वर्षे आधी! सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी त्रिपक्षीय परिषदही 1942 साली बाबासाहेबांच्याच अध्यक्षतेखाली भरली होती.

आज दक्षिण आशियाची स्थिती काय? 1985 साली सार्क झाली, 2006 पासून मुक्त व्यापाराचा करार अंमलात आला; तरी या देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. 2014 च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषदच भरलेली नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे करार झाले, पण आपल्या अधिकाराचा थोडा वाटा सामाईक संस्थेला देण्याची तयारी कोणत्याच सरकारची नव्हती.

कोकण रेल्वेचेही तेच वळण आहे. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला 2025 मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. दुसरा मार्ग टाकायला पैसा लागतो, तो महामंडळाकडे नाही, हे खरे. पण भागीदार राज्यांचा शब्द पुढे कोठे चालणार? ज्यांच्या जमिनी रुळांखाली गेल्या त्यांचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? आणि रंगकाम करणाऱ्या जोह्याच्या मजुराला कोणत्या समितीत जागा आहे?

सरहद्दी उघडाव्यात, मंडळे एक व्हावीत. पण राबणाऱ्याची खुर्ची ठेवल्याशिवाय झालेली एकी ही मालकांची एकी असते, हे आपण विसरता कामा नये.