मोटरीआधी माप

विजेवर चालणारी माउंटन बाइक घ्यायची म्हटलं की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही तीनच गोष्टी बोलतात. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, मोटर किती वॉटची आहे आणि गिअर किती आहेत. फ्रेम किती इंची आहे आणि ती आपल्या पायांना बसते का, हे कुणी विचारत नाही. चुकून विचारलंच तर ‘सीट वर-खाली होते की’ या उत्तरावर विषय मिटतो. माझं म्हणणं असं की चाकूरसारख्या गावात, जिथं ही सायकल डांबरापेक्षा पांदणीवर जास्त चालणार आहे, तिथं पहिली चौकशी मापाचीच व्हायला हवी. बाकीचं मागून बघता येतं.

आता, चाकूरला माउंटन बाइक कशाला, डोंगर आहे कुठं, असं कुणी म्हणेल. आपला भाग बालाघाटच्या पठारावरचा आणि वडवळ नागनाथचं बेट सोडलं तर मान वर करून बघावं असं फारसं काही नाही, हे खरंच. पण या सायकलीचा जन्मही शिखरं सर करण्यासाठी झालेला नाही. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीत काही पोरांनी जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली कच्च्या उतारांवरून सोडायला सुरुवात केली. रस्ता सायकलीची वाट लावत होता म्हणून त्यांनी सायकल बदलली, आणि त्यातून हा प्रकार घडला. खराब रस्ता हेच तिचं माहेर असेल तर आपल्याकडं ती परकी नाही. नागपूर-रत्नागिरी महामार्ग गावावरून गेला, पण आखाड्यावर जायची वाट अजून मुरमाची किंवा नुसत्या काळ्या मातीचीच आहे. ओढ्यात उतरायचं, पाण्यातून काढायची आणि समोरच्या चढाला लागायचं, हे रोजचं. त्यासाठी रुंद टायर, हलका गिअर आणि ओल्या चाकालाही धरणारा डिस्क ब्रेक लागतो, आणि या सायकलीत हे तिन्ही असतात.

मात्र जाहिरातीत दिसतं ते सगळं इथं लागत नाही. मागचं सस्पेन्शन, म्हणजे सीटखाली स्प्रिंग असलेली दोन तुकड्यांची फ्रेम, ही तर आपल्याकडं मला शुद्ध चैन वाटते. तिला कॅरिअर नीट बसत नाही आणि तिच्या सांध्यांत माती गेली की वर्षभरात कुरकुर सुरू होते. त्यापेक्षा टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये किती जागा आहे ते वाकून बघावं. ऑगस्टमधली काळी माती चाकाला लागली की थरावर थर चढतो. तिथं दोन बोटंही जात नसतील तर चाक जागीच जाम होतं आणि मोटर ओढत राहते. टायरचंही तसंच आहे. बाभळीचा काटा आहेच, पण तूर काढल्यावर रानात उभी राहिलेली धसकटं त्याहून वाईट. ट्यूबमध्ये आतून भोक बुजवणारं द्रव भरून घेतलं तर बारीक काट्यांपुरतं भागतं. धसकटाला उपाय नाही, वाट बदलायची.

मोटरीचं प्रकरण वाटतं तेवढं मोठं नाही, कारण ते बऱ्यापैकी कायद्यानंच ठरवलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरीची ताकद 0.25 किलोवॉटपेक्षा आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच नोंदणी आणि परवान्याशिवाय ती सायकल म्हणून चालते. त्याहून मोठी मोटर बसवली की ते मोटार वाहन झालं, मग दुकानदार काहीही सांगो. एवढी ताकद पुरते का, याचा हिशेब कागदावर करता येतो. माणूस 70 किलोचा, सायकल 25 किलोची आणि शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरा. ताशी 15 किलोमीटरनं चढायचं तर नुसतं वजन वर न्यायला साधारण 195 वॉट लागतात. रस्त्याचा आणि वाऱ्याचा अडथळा धरून आकडा पावणेतीनशेच्या आसपास जातो. यातला शंभरभर वॉटचा भार धडधाकट माणूस पायांनी सहज पेलतो, म्हणजे मोटरीवर ताण उरत नाही. बॅटरीचंही असंच. 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तास म्हणजे 360 वॉट-तास, अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज. कच्च्या वाटेवर किलोमीटरला 12 ते 15 वॉट-तास धरले तर पंचवीस-तीस किलोमीटर होतात. जाहिरातीतला आकडा याच्या दुप्पट असेल तर तो कुणा हलक्या माणसाचा, सपाट रस्त्यावरचा आणि वारा पाठीशी असलेला समजावा. आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली बॅटरी चार्जिंगला लावू नये. 45 अंशांवर लिथियमची बॅटरी चार्ज केली तर तिचं आयुष्य घटतं, आणि पत्र्याखाली 45 व्हायला काय वेळ लागतो?

आता मापाकडं येतो. विजेची सायकल साधीपेक्षा जड असते, 22 ते 26 किलो. ही पांदणीवर चाकोरीत अडकून थांबते तेव्हा चालवणाऱ्याला क्षणात पाय टेकावा लागतो. फ्रेमची आडवी नळी उंच असेल तर पाय टेकण्याआधी नळी मांड्यांमध्ये लागते, सायकल कलते, आणि एकदा कललेले पंचवीस किलो हातानं सावरत नाहीत. शिवाय स्वस्त सायकलींत पायडल फिरतंय एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पायावर जोर किती आहे ते त्याला कळत नाही. त्यामुळं मोटर जरा उशिरा जोर लावते आणि पायडल थांबल्यावरही क्षणभर ओढत राहते. डांबरावर हे जाणवतही नाही. अरुंद बांधावर वळताना मात्र नको तेव्हा धक्का बसतो, आणि त्या वेळी हँडल हाताच्या अंतरात आणि जमीन पायाच्या अंतरात असावी लागते. जोर मोजणारा टॉर्क सेन्सर महाग पडतो, तरी परवडत असेल तर तिथं पैसे घालावेत. सस्पेन्शनवर नको.

‘मोटर आहे, मग कसंही बसलं तरी चालतं’ हे मला सगळ्यांत फसवं वाटतं. मोटर पायांचा थकवा कमी करते. गुडघा, मनगट आणि मान यांचं ती काहीच करत नाही. उलट जो माणूस साध्या सायकलीवर आठ किलोमीटरला दमून उतरायचा, तो आता पंचवीस किलोमीटर जातो, आणि त्या सगळ्या वेळात चुकीच्या मापाची सायकल त्याच्या सांध्यांवर आपलं काम करत राहते. स्पर्धेतही हेच दिसतं. विजेच्या माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद शर्यत 2019 साली कॅनडात मॉं-सेंत-आन इथं झाली. तिथंही मोटर 250 वॉटची आणि मदत ताशी 25 किलोमीटरपर्यंतच, असं सगळ्यांना एकाच दावणीला बांधलेलं असतं. मग निकाल लागतो तो चालवणाऱ्याच्या अंगावर आणि त्याच्या बसण्यावर.

माप घ्यायला दुकान लागत नाही. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड वही दोन्ही पायांच्या मधून वर दाबून धरायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्यानं टेपनं मोजायचं. हे पायाचं माप. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं ते साधारण 75 भरतं, 152 उंचीच्या बाईचं 70च्या आसपास. चपला-बूट घालून उभं राहिल्यावर आडव्या नळीच्या वर पाच सेंटिमीटर तरी मोकळे राहिले पाहिजेत, मातीच्या वाटेसाठी त्याहून जास्त असले तर बरं. सीटच्या उंचीसाठी टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडनं रूढ केलेला गुणाकार आहे. पायाचं माप गुणिले 0.883, म्हणजे 75 ला 66 सेंटिमीटर, पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत. खडबडीत उतारावर यातले दोन-तीन कमी करावेत. राहिलं हँडलचं अंतर. फ्रेमवर लिहिलेले 17 इंच किंवा ‘मीडियम’ यांवर विसंबू नये. एका कंपनीचं मीडियम दुसरीचं लार्ज असतं. कंपनीच्या तक्त्यात रीच आणि स्टॅक असे दोन आकडे असतात. पायडलच्या आसापासून हँडलची नळी किती पुढं आहे आणि किती वर आहे, एवढंच ते सांगतात, आणि दोन सायकलींची तुलना त्यांवरूनच खरी होते. ज्या कंपनीकडं हा तक्ता मागूनही मिळत नाही, तिची सायकल एकाच मापात निघते असं धरून चालावं.

सीट वर-खाली होते, हा युक्तिवाद इथंच संपतो. सीटमुळं पायाची लांबी जमते. आडवी नळी तसूभर खाली येत नाही, आणि सीट पुढं सरकवून हँडल जवळ आणायला गेलं तर गुडघा पायडलच्या पुढं जातो. एक दुखणं काढून दुसरं लावून घेतल्यासारखं होतं.

याहून वजनदार आक्षेप जुन्या पिढीचा आहे. सगळा मराठवाडा बावीस आणि चोवीस इंची काळ्या सायकलींवर वाढला, माप कुणी बघितलं? त्या सायकलीची आडवी नळी जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरच्या वर असायची, म्हणजे बहुतेकांना ती मध्ये घेऊन उभंच राहता येत नव्हतं. म्हणून तर मोठी माणसं टांग मारून बसायची आणि पोरं नळीच्या खालून पाय घालून हाफ पायडल मारायची. लोकांनी गैरमापाच्या सायकलीवर चालवण्याची वेगळी कला काढली, हे कौतुकाचं आहे. पण ती कला मोटर नसलेल्या सायकलीची आहे. धावत चढायच्या वेळी पायडल अर्धं फिरलं की ओढ घेणाऱ्या सायकलीवर टांग मारून बघणं मी कुणालाही सुचवणार नाही. पोरगं वाढतंय म्हणून एक माप मोठी घ्यायची, हा हिशेबही इथं बाद होतो. वाढत्या अंगाचा सदरा ढगळ असला तर हसू होतं, सायकल ढगळ असली तर हात मोडतो.

एवढ्या पैशांत जुनी मोटरसायकल येते, हे म्हणणं मात्र मी टोलवणार नाही. ज्याला रोज लातूर गाठायचं आहे, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, त्यानं ही सायकल घेऊच नये. महामार्गावर ताशी पंचवीसनं ट्रकच्या कडेनं चालणं शहाणपणाचं नाही. ज्याला युरियाचं पोतं न्यायचं आहे त्यानंही थांबावं. पोतं 45 किलोचं, माणूस 70चा, बेरीज 115. बऱ्याच कंपन्या शंभर-एकशेदहाच्या पुढं भार चालत नाही म्हणून आधीच लिहून ठेवतात. पण ज्याचं रान पाच-सात किलोमीटरवर आहे, ज्याच्याकडं लायसन नाही किंवा ज्याला पेट्रोल टाकायचं नाही आणि पाय मात्र हलते ठेवायचे आहेत, त्याच्यासाठी हिशेब जमतो. सरकारनंही ही वाट थोडी सोपी केली होती, जरा तिरपागडी: 2019 पासून विजेच्या सायकलीवर पाच टक्के जीएसटी आणि ज्या साध्या सायकलीला वीजच लागत नाही तिच्यावर बारा. सप्टेंबर 2025मध्ये दोन्ही पाचवर आल्या.

शेवटचा पेच घराघरातला आहे. आपल्याकडं सायकल एकाची नसते. सकाळी बाप रानात नेतो, दुपारी सून अंगणवाडीत, संध्याकाळी पोरगा कुठंतरी. घेताना माप बहुधा बापाचं घेतलं जातं, कारण पैसे तो देतो. माझ्या मते ते घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाचं घ्यावं, आणि बहुतेक घरांत ती सून असते. लहान फ्रेमला लांब सीटपोस्ट घालून उंच माणूस चालवू शकतो. हँडल थोडं जवळ वाटेल, पाठ जरा जास्त सरळ राहील, पण पाय टेकेल. मोठ्या फ्रेमवर बुटक्या माणसासाठी अशी काहीच सोय निघत नाही. फक्त सीटपोस्टवर कमीत कमी किती आत ठेवायचा याची रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसेपर्यंत पोस्ट ओढू नये. आणि दुकानात गाडी बघायला जाताना सुनेला बरोबर न्यावं.