तेलाचा भडका आणि ‘नियंत्रणमुक्त’ भाव

खनिज तेल महागले की सगळ्याच तेल कंपन्यांची चांदी होते, हा समज अर्धाच खरा आहे. विहिरीचा मालक गबर होतो. पण विकत घेतलेले तेल शुद्ध करून विकणारा, विक्रीचा भाव गोठला असेल तर, बुडतो. 2022 साली युक्रेन युद्धामुळे तेल पिंपामागे शंभर डॉलरांपलीकडे गेले. त्या वर्षी अमेरिकेच्या एक्सॉनमोबिलने सुमारे 56 अब्ज डॉलर नफा मिळविला. इकडे इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम यांना एप्रिल ते जून या एकाच तिमाहीत मिळून 18 हजार कोटींहून अधिक तोटा झाला.

वास्तविक पेट्रोल 2010 पासून व डिझेल 2014 पासून नियंत्रणमुक्त आहे. भाव कंपन्याच ठरवितात, असे सरकार सांगते. मग ऐन तोट्यात त्या हात बांधून का बसल्या? पुढे तेल उतरले. 2023-24 मध्ये याच तिघींनी सुमारे 81 हजार कोटी कमावले. दर मात्र उतरविले ते मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, लिटरमागे अवघे दोन रुपये!

भारत पेट्रोलियम विकण्याचा बेत मे 2022 मध्ये बारगळला, हे बरेच झाले. आता या कंपन्यांच्या भावनिश्चितीचा हिशेब दर अधिवेशनात संसदेपुढे मांडला जावा आणि स्वस्ताईतील जादा नफ्याचा वाटा महागाईच्या काळासाठी कायद्याने राखून ठेवावा, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे.