भरतपूरच्या म्हशी आणि चिलिकाचे मुख

राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या म्हशी तेथील उथळ पाण्यात सोडणाऱ्या भोवतालच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही ग्रामस्थ प्राणास मुकले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी माणसांचे बळी जावेत ही गोष्ट कोणत्याही सुसंस्कृत राज्यव्यवस्थेस शोभणारी नव्हती. परंतु त्याहूनही विषादाची गोष्ट अशी की, ज्या पक्ष्यांच्या नावाने हे सारे घडले त्यांचेही या बंदीने भले झाले नाही. हा निष्कर्ष बंदीच्या विरोधकांनी सभेत मांडलेला नव्हे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सुमारे दहा वर्षे त्याच पाण्यात उतरून, मोजून आणि तोलून तो काढलेला आहे.

केवलादेवला आपण निसर्गाची देणगी म्हणतो, ते अर्धेच खरे. जेमतेम २९ चौरस किलोमीटरचा हा खोलगट भूभाग. अठराव्या शतकात भरतपूरच्या राजवटीत अजान बांध उभा राहिला आणि पावसाळी पाणी तेथे अडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी त्यात बांध, दरवाजे व कालवे यांची नीट रचना केली. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले, याची नोंद तेथील शिलालेखावर आजही वाचावयास मिळते. म्हणजे ज्याला आज जागतिक वारसा म्हणून मान आहे ते मूलतः माणसाने बांधलेले, माणसाच्या गुरांनी चरलेले आणि माणसाच्या दरवाजांनी भरले व रिकामे होणारे पाणी आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली असती तर १९८२ चा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

या पाण्याचे अर्थशास्त्र मोठे मनोज्ञ आहे. पावसाळ्यात गंभीर नदीला पूर आला की तिचे पाणी अजान बांधातून उद्यानात शिरे आणि त्याबरोबर कोट्यवधी मत्स्यबीज येई. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर त्याच सुमारास चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे, बगळे यांच्या वसाहती बसत. पिलांच्या वाढीच्या काळात या वसाहतींना रोज टनांच्या हिशेबाने अन्न लागते, आणि चित्रबलाकासारख्यांचे ते अन्न म्हणजे मुख्यतः मासळी. घरट्यांखाली पडणारी विष्ठा पुन्हा पाण्यात मिसळते, तिच्यावर सूक्ष्म वनस्पती व प्राणी पोसले जातात आणि त्यांच्यावर माशांची पुढची पिढी. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके, वारकरी, कादंब हे याच भांडवलावर चार महिने काढून जातात. भांडवल मोडले न जाता व्याज मिळत राहते, अशी पेढी माणसांच्या व्यवहारात फारशी आढळत नाही.

मग म्हशींना बाहेर का काढले? हेतू वाईट नव्हता. गुरे गवत तुडवितात, घरट्यांना उपद्रव होतो, राष्ट्रीय उद्यानात चराई असणे कायद्यास धरून नाही, असे युक्तिवाद होते. सलीम अली यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचा कौलही चराई थांबवावी असाच होता. नेमक्या याच काळात, म्हणजे १९८० पासून, अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या अर्थसाहाय्याने सोसायटीचा दीर्घकालीन अभ्यास तेथे चालू होता. पाण्याची खोली, त्यातील प्राणवायू, वनस्पतींचे वजन, माशांच्या जाती, पक्ष्यांची संख्या यांची नोंद ऋतूमागून ऋतू होत राहिली. डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामाचा अंतिम अहवाल १९९१ साली आला. म्हशी गेल्यावर पास्पॅलम जातीचे पाणगवत अनिर्बंध वाढले होते. त्याने मोकळे पाणी झाकून टाकले, कुजल्याने पाण्याचा कस उतरला, मासळी घटली, आणि मोकळ्या पाण्यावर पोहणाऱ्या बदकांची जागा आकसली. उथळ पाण्यातील कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचालाही या गवताच्या गादीतून चोच घालणे अवघड झाले. म्हैस ही त्या व्यवस्थेतील उपरी घुसखोर नसून तिचा एक घटक होती, असा त्या अहवालाचा आशय आहे.

ज्या संस्थेच्या धुरीणांनी चराईबंदीचा पुरस्कार केला, त्याच संस्थेच्या अभ्यासाने तो पुरस्कार चुकीचा ठरविला आणि संस्थेने तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्याकडील समित्या-आयोगांच्या इतिहासात असे उदाहरण शोधूनच काढावे लागेल. पण त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावयास हवे की, तो अभ्यास दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला असता तर काहीच सिद्ध झाले नसते. पाऊस एक वर्ष भरपूर, एक वर्ष तुटपुंजा. मासळी घटली ती गवताने की अवर्षणाने, हे ठरविण्यास चांगली-वाईट अशी दोन्ही प्रकारची वर्षे हिशेबात यावी लागतात. आपल्या विद्यापीठांत संशोधनास मिळणारे अनुदान मात्र बहुधा तीन वर्षांचे असते. पहिले वर्ष मंजुरी, नेमणुका व उपकरणांच्या खरेदीत जाते, तिसरे अहवाल लिहिण्यात. उरलेल्या एका पावसाळ्यावर पाण्याचे भवितव्य ठरवायचे, हा प्रकार एका वर्षाच्या ताळेबंदावरून कारखान्याचे आयुष्य ठरविण्यासारखा आहे.

केवलादेवची पुढची कथा गवतापुरती उरली नाही. गंभीर नदीवर वरच्या अंगास पांचना धरण झाले आणि चालू शतकाच्या आरंभापासून उद्यानाचा नैसर्गिक ओघ तुटत गेला. त्यावर उपाय म्हणून गोवर्धन नाल्याचे आणि चंबळच्या नळयोजनेचे पाणी आणण्यात आले. पाण्याचे आकडे कागदावर जुळू लागले. परंतु नळाच्या पाण्याबरोबर नदीचे मत्स्यबीज येत नाही, आणि घनफूट मोजणाऱ्या हिशेबात ही तूट दिसतही नाही. भरीस भर म्हणून आफ्रिकी मांगूर हा खादाड मासा उद्यानात शिरला व वनखात्याला तो हजारोंनी काढावा लागला. वस्तुतः याच माशाच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातलेली होती. १९६० च्या दशकात दोनशेच्या घरात येणारे सायबेरियन क्रौंच घटत घटत गेले आणि २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तेथे दिसले नाहीत. त्यांच्या नाशाला अफगाणिस्तान-पाकिस्तानातील मार्गावरची शिकारही कारण झाली, त्याचे सारे खापर गवतावर फोडणे न्याय्य होणार नाही. तरीही जेथे ते उतरत तेथले अंगण त्यांच्यासाठी मोकळे राहिले नव्हते, हे खरेच.

भरतपुरात निर्णय आधी झाला आणि अभ्यास मागून आला. याच्या नेमके उलटे ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, घडले. भरतपूर आणि चिलिका ही दोन्ही स्थळे एकाच वेळी, ऑक्टोबर १९८१ मध्ये, पाणथळ जागांच्या रामसर यादीत भारताच्या वतीने प्रथम नोंदली गेली. चिलिका हे सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचे खाजण-सरोवर. एका बाजूने महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी व गाळ, दुसऱ्या बाजूने समुद्राचे खारे पाणी. या दोहोंच्या तोलावर तेथील बोय, जिताडा, हिल्सा, कोळंबी आणि खेकडे जगतात. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाळूने समुद्राकडील मुख ईशान्येकडे सरकत गेले, आतला कालवा लांबला व भरत आला. क्षारता उतरली, पाणवनस्पती माजल्या, समुद्रातून पिले आत येईनात. १९८० च्या दशकाच्या मध्याला आठ हजार टनांच्या आसपास असलेली मासळी १९९९-२००० साली सुमारे १,७०० टनांवर आली. दरम्यान १९९३ साली रामसर करारातील संकटग्रस्त स्थळांच्या, मॉन्ट्रो नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नोंदीत चिलिकाचे नाव चढले होते.

तेथे कोणी हाती फावडे घेऊन किनारा फोडावयास धावले नाही. १९९१ साली स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने आधी प्रश्न विचारले. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळेने भरती-ओहोटीचे, गाळाचे व क्षारतेचे गणित मांडले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने परिणामांचा अभ्यास केला. मग २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाड्याच्या बाजूला नवे मुख उघडण्यात आले व समुद्राचा मार्ग १८ किलोमीटरने जवळ आला. २००१-०२ सालची मासळी १२,००० टनांच्या जवळ पोचली. २००२ साली चिलिका मॉन्ट्रो नोंदीतून बाहेर पडले आणि प्राधिकरणास रामसरचा पुरस्कार मिळाला. अलीकडच्या हिवाळी गणनांत तेथे दहा लाखांच्या आसपास पक्षी मोजले गेले आहेत. मराठी मुलखातील दोन संस्थांचा या कामात वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. खडकवासल्याची प्रयोगशाळा म्हणजे धरणांचे नमुने करणारे कार्यालय एवढीच आपली समजूत.

अर्थात चिलिकाचे गोडवे गाताना एक सावधगिरी पाळली पाहिजे. उत्पादन सातपट झाले म्हणून मच्छीमाराचे उत्पन्न सातपट झाले नाही. सरोवरात जाळ्यांची कुंपणे घालून कोळंबीचे संवर्धन करणाऱ्यांनी पारंपरिक मच्छीमारांची जागा बळकावली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये चिलिकापासून एक हजार मीटरच्या आत असे संवर्धन नको म्हणून निर्णय दिला, तरी कुंपणे वर्षानुवर्षे उभी राहिली आणि १९९९ साली या संघर्षात पोलिसांच्या गोळ्यांनी तेथेही माणसे मेली. शास्त्र मासा परत आणू शकते, तो कोणाच्या टोपलीत पडावा हे ठरवू शकत नाही. ते काम राज्यकर्त्यांचे. त्यात चिलिकाची कामगिरी मुख उघडण्याइतकी चोख नाही.

आता महाराष्ट्राकडे वळावे. १९८० साली पूर्ण झालेल्या भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण परिसरात रोहित पक्षी उतरतात आणि एकेकाळी केवळ जाळे टाकणारे मच्छीमार आता आपल्या होड्यांतून पर्यटकांना ते दाखवून चार पैसे मिळवितात. याच पाण्यात पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून येते. जाळ्यात एकेकाळी देशी मासे येत, तेथे आता चिलापीचाच भरणा. बारीक आसाच्या जाळ्यांनी मत्स्यबीजच उपसले जाते, ही तक्रार तर जुनी आहे. रोहित येतात ते उन्हाळ्यात पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडला म्हणजे; म्हणून धरणातून किती पाणी केव्हा सोडले जाते यावर त्यांचे येणे-जाणे अवलंबून. परंतु पाणी जलसंपदा खात्याचे, मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि पक्षी वनखात्याचा. मासा पक्ष्याच्या पोटात गेला की तो एका खात्याच्या कक्षेतून दुसऱ्या खात्याच्या कक्षेत जातो. त्या दोन्ही खात्यांची वही एक नाही. उजनीवर प्रबंध लिहिले गेले आहेत, पक्ष्यांची गणनाही उत्साही मंडळी करतात. पाणी, मासळी आणि पक्षी यांची एकत्र, एकाच ठिकाणी, दहा वर्षे अखंड नोंद मात्र नाही. भरतपूर-चिलिकाला जे साधले ते अशा नोंदीवाचून साधले नसते.

कायद्याचीही येथे अडचण आहे. पाणथळ जागांसंबंधीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यसंवर्धनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे बोटावर मोजण्याइतकी. येथील पाणपक्ष्यांचा संसार बहुतांशी धरणांच्या व तलावांच्या फुगवट्यावरच चालतो. ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर माणसाच्या बांधाने जन्मास आलेले केवलादेवही, शिकारीसाठी का होईना, मुद्दाम बांधलेलेच म्हणावे लागेल. ब्रिटिश अमदानीतील बंधाऱ्यामागे तयार झालेले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर २०२० साली महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरले, म्हणून ते सुटले. २०१४ पर्यंत देशात २६ असलेली रामसर स्थळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये ८५ झाली. पाट्या लावण्याचा वेग वाखाणण्याजोगा आहे.

उजनीच्या काठाने इंदापूर, करमाळा, बारामती, दौंड, टेंभुर्णी या गावांतून महाविद्यालये आहेत, त्यांतील कित्येकांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. मासळी उतरते त्या चार-सहा धक्क्यांवर महिन्यातून दोनदा जातवार वजन घेणे, ठरलेल्या दहा ठिकाणी पाण्याचा प्राणवायू व खोली मोजणे, त्याच ठिकाणी पक्षी मोजणे, आणि हे सारे जलसंपदा खात्याच्या पातळीच्या नोंदींशेजारी एका तक्त्यात लिहिणे, यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. लागतो तो दहा वर्षे न तुटणारा, धरणाच्या देखभालीच्या खर्चापुढे नगण्य असा निधी आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तो तक्ता मांडू शकणारा एक माणूस. ती समिती पाण्याच्या पाळ्या ठरविते तेव्हा शेतीची व शहरांची गरज तिच्यासमोर असते. भिगवणचा मच्छीमार आणि त्याच्या होडीसमोरचा पक्षी यांच्या वतीने आज तिच्या टेबलावर एक आकडाही येत नाही.