पाटीपलीकडचा सन्मान
सार्वजनिक वास्तूला दिलेले नाव ही समाजाने मान्य केलेल्या ऋणाची नोंद असते. ते सत्तेचे शिक्कामोर्तब नव्हे. बारामती-इंदापूर परिसर या बाबतीत भाग्यवान आहे. १०८ रामायणे रचल्याचा लौकिक असलेले कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) पन्हाळ्यास जन्मले, पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीकर झाले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या रणात धारातीर्थी पडले. मोरोपंतांच्या समकालीन आणि १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने धारण केले आहे.

परंतु पाटी लागली, हारतुरे झाले की आपले कर्तव्य संपते. पुढे नावाची आद्याक्षरे तेवढी उरतात आणि त्यामागील तपश्चर्या विस्मरणात जाते. म्हणून नगरपालिकांनी काही पथ्ये पाळावीत. नाव दिवंगताचेच असावे. निकष पदाचा नव्हे, कार्याचा असावा. प्रवेशद्वारी त्या व्यक्तीचे अल्पचरित्र असावे. व्यवहारात पूर्ण नावच वापरले जावे. उरलेले काम घराघरांतले आहे. बारामतीच्या मुलाला मोरोपंतांची एक तरी आर्या मुखोद्गत नसेल, तर कवीच्या नावाची पाटी कितीही मोठी असली तरी ऋण बाकीच राहील.