कागद रयतेच्या भाषेत का नको? बडोद्याला विचारा!

शेतकरी बंधूंनो, रापणकार बांधवांनो आणि भगिनींनो,

तुमच्या दारात सरकारी कागद येतो. त्यावर तुमचे नाव असते, सर्व्हे नंबर असतो, खाली सही आणि गोल शिक्का असतो. मधला मजकूर मात्र तुमच्यासाठी नसतो. पोर्तुगीज होते तेव्हा तो पोर्तुगीजमध्ये असे. आता बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. तुम्ही तो कागद घडी करून कनवटीला लावता आणि कोणा शिकलेल्याचे दार गाठता. तो वाचतो, मान हलवतो आणि म्हणतो, ''वकिलाला दाखवा.'' जमीन तुम्ही कसता, होडी तुम्ही हाकता, खाजनाचा बांध फुटला तर अर्ध्या रात्री तुम्ही धावता. पण तुमच्याच नावाच्या कागदाचा अर्थ पदरचे पैसे मोडून दुसऱ्याकडून घ्यावा लागतो!

याचा जाब विचारलात तर कचेरीतले उत्तर ठरलेले आहे. ''कारभार हे शास्त्र आहे. कायद्याचे बारकावे गावच्या बोलीत मावत नाहीत. तुम्ही सही करा, बाकी आम्ही पाहतो.''

हे उत्तर खोटे आहे. ते खोटे असल्याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे, आणि तो लंडन-लिस्बनमध्ये शोधायला नको. तो बडोद्याला आहे. गायकवाडांच्या त्या राज्यात जे घडले त्यात तुमच्या कामाचे पुष्कळ आहे, आणि तुम्हाला सावध करणारेही आहे. म्हणून हा लेख सबंध वाचा. शेजारच्याला वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवा.

बडोद्याचा जुना कारभार कसा होता? इजाऱ्याचा. महालाचा सारा वसूल करण्याचा मक्ता सरकार पैसेवाल्याला देई. तो आधी सरकारात रक्कम भरी, ती बहुधा सावकाराकडून उचललेली असे, आणि मग रयतेकडून ती व्याजासकट आणि नफ्यासकट काढी. कुणबी किती देणे लागतो याचा आकडा इजारदाराच्या तोंडी. तक्रार करायची तीही त्याच्याच माणसाकडे. पिकाने दगा दिला तरी इजारदाराची भूक कमी होत नसे. भाटकाराच्या अंगणात उभे राहून खंडाचा हिशेब ऐकलेल्या आमच्या कुळांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

मल्हारराव गायकवाडांच्या अमदानीत, म्हणजे १८७० नंतर, या अनागोंदीने कळस गाठला. तिकडे सोन्याच्या तोफा ओतल्या जात होत्या आणि इकडे गावे ओस पडत होती. १८७३ मध्ये इंग्रजांना चौकशी आयोग नेमावा लागला. दादाभाई नवरोजींसारखा माणूस दिवाण झाला, पण काही महिन्यांतच त्यांनी पद सोडले. १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढले. इंग्रजांनी हे रयतेच्या प्रेमापोटी केले असे कोणी समजू नये. रेसिडेंटावर विषप्रयोगाचा आरोप हे त्यातले मोठे निमित्त होते. पण गादी रिकामी झाली, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, शेतकऱ्याच्या घरचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेऊन तिच्यावर बसवला गेला. तेच सयाजीराव महाराज. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मृत्यू येईपर्यंत ते राज्य करीत राहिले.

आता त्या कारभाराची बांधणी बघा. आधी दिवाण टी. माधवरावांनी इजाऱ्याची पद्धत मोडली. राज्याचे प्रांत पाडले: बडोदे, कडी, नवसारी, अमरेली. प्रांतावर सुभा, महालावर वहिवाटदार, सगळे पगारी. पगारी माणूस इजारदारापेक्षा पुण्यवान असतो असे नव्हे. फरक इतकाच की इजारदाराचा नफा रयतेच्या ताटातून निघतो. पगारी अधिकाऱ्याने जास्त घेतले तर ती चोरी ठरते आणि तिला चोरी म्हणता येते. पुढे जमिनीची मोजणी आणि आकारणी झाली. आकडा इजारदाराच्या तोंडातून निघून दप्तरात गेला. तोंडचा आकडा रोज बदलतो. दप्तरातला आकडा बदलायचा तर खाडाखोड करावी लागते, आणि खाडाखोड दिसते.

१९०४ साली बडोद्याने आणखी एक पाऊल टाकले. वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून न्यायदानाचे काम काढून घेतले. तुमच्याकडून सारा मागणारा आणि त्या साऱ्यावरची तुमची तक्रार ऐकणारा माणूस एकच असेल तर तुम्ही दाद कोणाकडे मागणार? कुंपणच शेत खाते ते असे. इंग्रजी मुलखात ही मागणी काँग्रेस वर्षानुवर्षे करीत होती आणि सरकार ती कानाआड टाकीत होते. बडोद्याने ती करून दाखवली. तेव्हा बडोद्याचे महसूल खाते रमेशचंद्र दत्तांकडे होते. इंग्रजी राज्यात रयत कशी नागवली गेली याचा हिशेब मांडणारे तेच ते दत्त.

आता मुद्द्याचे बोलू. हा सगळा कारभार कोणत्या भाषेत चालला?

राजा मराठी. सरदार-मानकरी मराठी. वाड्याच्या खासगीत मराठी, हुजूर कचेरीच्या वरच्या टिपणांत इंग्रजी. पण रयत गुजराती. म्हणून न्यायकचेरीची भाषा गुजराती झाली, कायदे गुजरातीत निघाले, सरकारी हुकूम छापणारी 'आज्ञापत्रिका' गुजरातीत निघाली. ज्याला साडेतीनशे मराठे घोडेस्वार उभे करून ''मराठीच चालेल'' म्हणता आले असते, त्या राजाने तसे म्हटले नाही. सयाजीराव आपले म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे. त्यांचा मोठेपणा मराठी असण्यात नव्हता. सारा भरणाऱ्याला पावती वाचता आली पाहिजे हे त्यांना कळले, त्यात तो होता.

''पण कायद्याचे शब्द?'' कारकून महाशय विचारतील. त्याचेही उत्तर आहे. १९३१ मध्ये बडोदे सरकारने 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा कोश छापला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले. एका संस्थानाने हे केले. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द आणण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. शब्द नसतात म्हणून कारभार परक्या भाषेत चालत नाही. शब्द बसवण्याची कोणाची इच्छा नसते म्हणून चालतो. आणि इच्छा का नसते? परकी भाषा हे कचेरीचे कुंपण आहे. ते पडले तर मधल्या दलालाचे दुकान बंद होईल.

कागद आपल्या भाषेत आला, पण वाचायला येत नसेल तर? बडोद्याने तेही सोडले नाही. १८९३ साली अमरेलीच्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात मुलगे आणि मुली दोघांनाही ते लागू केले. पाच वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हिंदुस्थानासाठी असे विधेयक मांडले तेव्हा इंग्रज सरकारने ते फेटाळले. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन जाणकार बोलावून गावोगाव वाचनालये उभी केली आणि पेट्यांतून पुस्तके फिरवली. महसूल, न्याय, भाषा, शाळा हे एकाच साखळीचे दुवे आहेत. एक तुटला तर बाकीचे लोंबकळतात.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ''मग राजेच बरे होते! लोकशाहीने काय दिले?'' हे वाक्य बाजारात हल्ली फार ऐकू येते. जुन्या भाटकारांच्या घरांतून ते आणखी मोठ्याने येते. तिथे फक्त राजाचे नाव सालाझार असते. म्हणून त्याच बडोद्याची दुसरी बाजू पाहा.

भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले. करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत हजर झाले. एवढी विद्या मिळवून आलेल्या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावले. कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. महाराजांची मर्जी त्यांच्या बाजूने होती, तरी त्यांना बडोदे सोडावे लागले. बंधूंनो, हुजूर हुकूम वरून निघतो, पण तो खाली पोचेपर्यंत शिपायाच्या हातून जातो. त्या शिपायाला जाब विचारण्याची ताकद ज्याच्याशी त्याची गाठ पडते त्याच्या हाती नसेल, तर वरचा हुकूम वरच राहतो.

दुसरे उदाहरण दर्यावर्दी बांधवांसाठी. ओखामंडळचा किनारा गायकवाडांचा होता. महाराजांनी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी करवून घेतली. १९०९ पासून तिचे अहवाल छापून निघाले. काम उत्तम झाले, शास्त्रज्ञ आजही त्याचे नाव घेतात. पण ते अहवाल इंग्रजीत. ज्यांच्या पाण्यावर ते लिहिले त्या खारव्याच्या आणि वाघेराच्या हाती काय पडले? गुजराती कायदे छापणाऱ्या सरकारलाही समुद्राचा विचार करताना समुद्रावरची माणसे वाचक म्हणून आठवली नाहीत. आज आपल्या किनाऱ्याचे आराखडे आणि नकाशे इंग्रजी खुणांनी भरून समोर ठेवले जातात आणि ''हरकती असल्यास कळवा'' म्हणतात, तेव्हा हीच जुनी खोड दिसते. जाळे वाळत घालण्याची जागा नकाशावर नाही हे रापणकाराला कळणार कसे?

आणि तिसरे. १९०८ मध्ये बडोद्यात धारासभा आली, पण तिचा शब्द महाराजांना बांधील करीत नव्हता. प्रजामंडळ जबाबदार राज्यपद्धती मागत राहिले. सयाजीराव गेले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या प्रतापसिंहांना १९५१ मध्ये भारत सरकारने पदच्युत केले. त्याआधीच, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. चांगला राजा हे नशीब आहे. नशिबावर शेत पिकत नाही आणि राज्यही चालत नाही.

तेव्हा बडोद्याकडून काय घ्यायचे ते घ्या आणि काय टाकायचे ते टाका. घ्यायचे ते हे: लेखी आकडा, पगारी आणि बांधलेला अधिकारी, वसुली व न्याय वेगळे, कागद रयतेच्या भाषेत, आणि प्रत्येक पोराला वाचता येणे. टाकायचे ते हे: हे सगळे कोणी मोठ्या मनाने आपल्याला देईल ही आशा. बडोद्याच्या रयतेला जे मिळाले ते कृपा म्हणून मिळाले. नाही मिळाले तर मागण्याचा हक्क तिला नव्हता. तुम्हाला तो आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामासाठी मराठी वापरता येईल असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा सांगतो की मागितलेली माहिती साधारणपणे तीस दिवसांत मिळाली पाहिजे. न मिळाल्यास वरिष्ठाकडे अपील करता येते. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून काढायला अधिकाऱ्याने मदत करायची आहे. मदत करायची आहे, उपकार नव्हे!

मग आपण का गप्प बसतो? कारण पिढ्यान् पिढ्या कचेरीच्या पायरीवर चपला काढून उभे राहण्याची सवय लागली आहे. ती सोडा. पुढच्या वेळी न कळणारा कागद आला तर त्यावर आंधळी सही करू नका. ''हा मजकूर माझ्या भाषेत द्या'' असे लेखी मागा. अर्ज दिलात की तारखेची पोच घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. एक-चौदाचा उतारा काढा, त्यात कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते मुलीकडून वाचून घ्या. किनाऱ्याचा नकाशा आला तर ग्रामसभेत भिंतीला लावून त्याचा अर्थ अधिकाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्या. एकट्याने गेलात तर हाकलतील. वाड्यावरचे दहाजण मिळून जा.

आणि एक गोष्ट आपल्याच माणसांना. उद्या कचेरीतल्या खुर्चीवर मराठी बोलणारा, तुमच्याच वाड्यावरचा मुलगा बसेल. त्याने आपल्याच लोकांना न कळणाऱ्या भाषेत टिपणे लिहिली आणि ''उद्या या'' म्हटले, तर तोही इजारदारच. इजारा गेला, महाल गेले, संस्थान गेले. इजारदाराची वृत्ती मात्र कचेऱ्यांतून वेश बदलून फिरते आहे. तिच्या अंगावर सरकारी शिक्का आहे म्हणून तिला घाबरू नका. तो शिक्का तुमच्या पैशाने बनवलेला आहे.