पोट लहान झालं, पंगत तेवढीच आहे

घरातली सगळ्यात लहान वाटी शोधून काढा. बहुतेक घरांत ती असते. चटणीची, नाहीतर बाळाला मऊ भात भरवायची. वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन तुम्ही घरी आला असाल, तर पुढचे काही महिने तुमचं जेवण त्या वाटीत मावणार आहे. आणि ती वाटी घरातल्या सगळ्यांना खुपणार आहे. तुमच्या आईला तर फारच.

मी ९ वर्षं झाली त्या वाटीतून जेवते आहे. माझं बायपास झालं. बायपास म्हटलं की लोक छातीकडे बघतात, मग पोटाचं म्हणून सांगावं लागतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करतात आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. तुमचं कदाचित स्लीव्ह झालं असेल. त्यात जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून जास्त, काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. फरक आहेत, पण स्वयंपाकघरात दोघींचं दुखणं बरंचसं सारखंच.

आधी एक काम करा. ज्याचं हेच ऑपरेशन वर्षा-दोन वर्षांपूर्वी झालंय असं एक माणूस गाठा.

का, ते सांगते. दुसऱ्या महिन्यात मी तव्यावरची गरम, मऊ पोळी खाल्ली. घास मोठा होता आणि मी घाईत होते. तो छातीच्या मधोमध अडकून बसला. तोंडात फेसासारखी लाळ येऊ लागली. मला वाटलं, हार्ट अटॅक. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी एका पेशंटचा नंबर दिला होता, तिच्या परवानगीने. तिला फोन लावला. ती म्हणाली, "काय खाल्लंत, पोळी ना? पाणी पिऊ नका वरून. बसू नका, घरातल्या घरात फेऱ्या मारा. लाळ येईल ती बेसिनमध्ये टाका. मी फोनवर आहे. थांबलं नाही तर लगेच डॉक्टरांना लावायचा." वीस मिनिटांनी घास उतरला. तोवर ती मला तिच्या मुलाच्या बारावीच्या अभ्यासाबद्दल सांगत होती.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर "हळू खा, नीट चावा" असं छापलेलं होतंच. मी ते वाचलेलंही होतं.

तेव्हा ऑपरेशन जिथे झालं तिथे विचारा, पेशंटची बैठक भरते का? बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत महिन्यातून एकदा भरते. भरत नसेल तर आहारतज्ज्ञांना सांगा, माझा नंबर दोघा-तिघांना द्या, त्यांना चालत असेल तर. चार जणं पुरतात. एखाद्या बागेत भेटा, आधी दोन फेऱ्या मारा, मग बाकावर बसा. तुम्ही गावी असाल आणि ऑपरेशन पुण्या-मुंबईत झालं असेल, तर आठवड्यातून एक फोन ठरवून घ्या. वार आणि वेळ पक्की करा. "कधीतरी बोलू" म्हटलं की बोलणं होत नाही.

काही गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. वजनाचे आकडे एकमेकांना विचारायचे नाहीत. कुणाचं महिन्यात दहा किलो उतरतं, कुणाचं चार. उंची वेगळी, वय वेगळं, ऑपरेशन वेगळं. मध्येच काटा दोन-तीन आठवडे हलतही नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी ग्रुपवर आपला आधीचा आणि आताचा फोटो टाकतं. चार कौतुकाचे अंगठे येतात आणि दोन बायका रात्रभर जागतात. दुसरं, एकीची औषधं दुसरीने घ्यायची नाहीत. मधुमेहाची आणि बीपीची तर मुळीच नाही. ऑपरेशननंतर ही औषधं बऱ्याच जणांना कमी लागतात, कधी पहिल्या आठवड्यापासूनच. पण किती कमी करायची ते तुमचे डॉक्टर तुमचे रिपोर्ट बघून सांगतील. तिसरं, कुणी गुपचूप भजी खाल्ली असं सांगितलं तर तिला रागवायचं नाही. रागवलात तर पुढच्या वेळी ती येणारच नाही, आणि तिलाच येण्याची जास्त गरज असते.

आता पंगतीचं बोलू. आपल्याकडे खरा पेपर तिथे असतो.

भाच्याच्या लग्नात मी मठ्ठ्याबरोबर दोन जिलब्या खाल्ल्या. दोनच. पंधरा-वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी. बाहेर विहिणींची पंगत बसली होती, उखाणे चालले होते आणि मी आतल्या खोलीत गादीवर आडवी. याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ पोटात न थांबता धाडकन आतड्यात उतरतो, म्हणून असं होतं. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. काहींना तास-दोन तासांनी साखर खाली जाऊन थरथर सुटते. त्या दिवसापासून मला जिलबीचा मोह झाला नाही, हा फायदा म्हणायचा.

लग्नाला जाण्याआधी घरी थोडं खाऊन जा. हॉलमध्ये ताट घेऊच नका, वाटी मागून घ्या. पंगत असेल तर वाढप्याला पहिल्यांदाच सांगा, "दादा, मला फक्त उसळ आणि कोशिंबीर." एकदा वाढून गेलं की आपण फसतो. कारण लहानपणापासून शिकवलंय, पानात टाकायचं नाही. ही शिकवण चांगलीच आहे, पण तुमचं पोट आता कचऱ्याचा डबा नाही. उरलं तर उरू द्या. नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या ताटात दोघांचं वाढून घेणं हा सगळ्यात सोपा उपाय. नवरे तक्रार करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आणि आग्रह करणाऱ्यांना काय सांगायचं? मोठं भाषण नको. "पोटाचं ऑपरेशन झालंय, एवढंच चालतं." बास. काही जण हे ऑपरेशन लपवतात. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ते करून घेतलं तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. तरी आपल्या इमारतीतल्या बाई अजून "चालायला लागले" एवढंच सांगतात. कुणाला सांगायचं हा तुमचा प्रश्न. पण ज्यांच्या घरी महिन्यातून दोनदा जेवता, त्यांना तरी सांगा. नाहीतर दरवेळी नवी सबब शोधावी लागते. "आयता मार्ग धरलास" असं कुणी म्हणालं, तर हसून सोडून द्या. त्यांना वाटीचं माहीत नसतं.

घरचं जेवण कसं लावायचं? आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी-भात. बहुतेक डॉक्टर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात. ऐकायला सोपं वाटतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅमच असतात. म्हणून वाटीत आधी मटकी, मूग, पनीर, अंडं, घट्ट दही, बांगडा किंवा कोंबडी, तुमच्या घरात जे चालतं ते. वरणाचं नुसतं पाणी पिऊन वरण खाल्ल्यासारखं होत नाही. पिठलं चालतं, पण पातळ आणि कमी तेलाचं. सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं असा क्रम असतो. तो तुमच्या दवाखान्याने दिला असेल तसाच पाळा. शेजारणीचा नको.

जेवताना पाणी नाही. जेवल्यावर अर्धा तास तरी नाही. इतर वेळी बाटली जवळ ठेवा आणि घोट घोट पीत राहा, दिवसाला दीड-दोन लिटर व्हायला हवं. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिण्याचे दिवस गेले. मला उन्हाळ्यात त्याचीच सगळ्यात जास्त आठवण येते, जिलबीची नाही.

उपवासाचं एक बोलून ठेवते. खिचडीतल्या साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात, आणि चिकट साबुदाणा घशाखाली अडकतो तो वेगळाच. निर्जळी उपवास आता तुमच्यासाठी नाही. एकादशीला दही, दूध, पनीर, मूठभर शेंगदाणे बारीक चावून, असं काही बसवता येतं. पहिल्या वर्षी तेही डॉक्टरांना विचारून.

गोळ्या जन्मभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि जे काही लिहून दिलं असेल ते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहाही नको. मी तिसऱ्या वर्षी "आता बरी आहे की" म्हणून सगळं बंद केलं. पाच-सहा महिन्यांनी दुसरा जिना चढताना धाप लागायची, तळपायांना मुंग्या यायच्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. चूक माझी होती. तुम्ही मोबाइलला गजर लावा आणि वर्षातून एकदा रक्त तपासा, बरं वाटत असलं तरी.

केस गळतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात पुंजके दिसले की रडू येतं. बहुतेकांचे ते वर्षभरात परत येतात, प्रथिनं आणि गोळ्या चालू असतील तर. महागडी तेलं घेऊ नका. नवे ब्लाउजही पहिल्या वर्षात शिवू नका, जुन्यालाच टाका मारा. अंगठी सैल झाली की काढून ठेवा. आमच्या गटातल्या एकीची भांडी घासताना मोरीत गेली. पोटावरची, दंडावरची कातडी लोंबते, घड्यांत घाम साचून पुरळ येतं. तिथे कोरडं ठेवा, लाल झालं तर दाखवा. "गाल बसले, आजारी आहेस का?" हे ऐकायची तयारी ठेवा.

तरुण मुलींसाठी, आणि त्यांच्या सासवांसाठी खास. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी बऱ्याचदा सुरळीत होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण ऑपरेशननंतर निदान १२ ते १८ महिने मूल नको, असं डॉक्टर सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. दुसरा उपाय आधीच विचारून घ्या. आणि सासूबाई, वर्षभर "गोड बातमी कधी" विचारू नका.

पुरुषांनो, दारूचं सांगते. पहिल्याइतकीच घेतली तरी आता ती लवकर आणि जास्त चढते. जेवणाची जागा दारूने घेतलेली मी दोन घरांत पाहिली आहे. वाईट वाटलं, राग आला, एकटं वाटलं की आपण इतकी वर्षं खात होतो. आता खाता येत नाही, पण वाईट वाटणं तसंच राहतं. त्या वेळी गटातल्या कुणाला तरी फोन करा. त्याने भागत नसेल, झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर बोला. पैसे पडत नाहीत. मराठीतही बोलतात.

पाकिटात एक कार्ड ठेवा. कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, सर्जनचा फोन. खाली ठळक लिहा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका. गुडघा दुखला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणतो. तीच पोटातल्या नव्या जोडावर जखम करते. तंबाखू, मिश्री, विडीही तेच करतात.

आणि काही वेळा फोन मैत्रिणीला नाही, थेट दवाखान्यात करायचा. ताप, पोटात न थांबणारी कळ, नाडी उगीच धावणं, श्वास लागणं, एका पायावर सूज, काळं शौच, दिवसभर पाणीही न टिकणं. उलट्या चालूच राहिल्या तर शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व कमी होत जातं आणि मेंदूला, नसांना इजा होऊ शकते. तेव्हा "उद्या बघू" नको.

घरच्यांनी फार काही करू नये. "एवढंच?" हा शब्द गिळून टाका. तुमच्यासाठी रविवारचं मटण शिजू द्या, पण जिचं ऑपरेशन झालंय तिची वाटी आधी भरा आणि तिच्याबरोबर हळूहळू जेवा. ती अर्ध्या तासाने उठेल तेव्हा तुम्ही हात धुऊन टीव्हीसमोर बसलेले नसावेत.

आमचा गट अजून तिसऱ्या रविवारी बागेत भेटतो. वाढदिवस असला की केक नाही, असं ठरलं होतं. एकदा नव्या आलेल्या मुलीने हौसेने ढोकळा करून आणला, दोन मोठे डबे. आम्ही नऊ जणांनी मिळून चार तुकडे संपवले. उरलेला बागेच्या माळीबुवांना दिला. आता तेच विचारतात, "ताई, या महिन्यात कुणाचा वाढदिवस?"