समुद्र दिसणारी खोली

उन्हाळ्याच्या सुटींत समुद्रकांठीं सहकुटुंब जावयाचें तर खोली कोणती घ्यावी, असें स्नेही आम्हांस पुसतात. माणगांव स्थानकावर उतरून म्हसळ्यावरून श्रीवर्धन-दिवेआगरास जाणाऱ्यांस मध्यम भाड्याच्या खोल्या वाड्यांतील घरीं मिळतात. म्हसळें स्वतः खाडीकांठचें, पुळण पुढेंच.

दोन वर्षांमागें समुद्र दिसतो एवढ्याच गुणावर लुब्ध होऊन आम्हीं माडीवरची खोली ठरविली. सोबत आमच्या थोरल्या भगिनी, अक्का, वय वर्षें ऐंशी. जिना उभा, कठड्यावांचून. तीन दिवस अक्का गॅलरींतच बसून राहिल्या. तक्रारीचा शब्द नाहीं. परंतु समुद्रांत भिजावयास म्हणून मुद्दाम घेतलेलें त्यांचें जुनें लुगडें घडीसह परत आलें.

तेव्हांपासून आम्ही टेलिफोनवर आधीं तळमजल्याची चौकशी करतों. मग शौचकूप खोलीस लागून आहे काय, कमोड आहे काय. समुद्र किती दूर, हें शेवटीं. भाडें खोलीचें कीं माणशी, मुलांचें ताट निम्म्या दरानें धरतात काय, हेंही आधींच बोलावें. मात्र दर ठरल्यावर घासाघीस करूं नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत येथल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ फळावयास पांच-सात वर्षें जातात, आणि तोंवर पाहुण्यांचें भाडें हाच कित्येक घरांस आधार.

यंदा वाडींतली तळमजल्याची खोली घेतली. समुद्र दिसत नव्हता. अक्का काठी टेकीत दहा मिनिटें चालून गेल्या, आणि तेंच लुगडें भिजवून आल्या.